उंबरा न कापता

नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण हसून म्हणतो. सगळा जन्म सुतारकी केल्यावर माझा अनुभव असा, की पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडं असतं. पायरी उंच असते, मोरीचा दगड गुळगुळीत झालेला असतो, खाट इतकी बुटकी असते की बसलेल्या माणसाला उठवायला दुसरा माणूस लागतो. पण म्हातारं माणूस पडलं की घराला कुणी बोल लावत नाही. बोल लागतो तो गुडघ्यांना. एकदा पडलं की तेल चोळायचं, दुसऱ्यांदा पडलं की खाटेवर टाकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून "आता वय झालं" म्हणायचं. या वाक्याचा मला तेव्हाही राग होता, अजून आहे.

महाडच्या बाजारात माझं दुकान होतं. नांगर, गाडीची चाकं, दारं-खिडक्या, लग्नातले पाट-चौरंग, यांवर पोट भरलं. म्हाताऱ्या माणसाला घरात सुखाने फिरता यावं म्हणून सुतार बोलवायचा, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्या डोक्यात तरी कुठे होतं? ते शिरलं तात्यासाहेबांमुळे.

तात्यासाहेब म्हणजे मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. एकदा घरात घसरून पडले, तेव्हा त्यांच्या मुलाने भिंतीला कठडा लावायला मला बोलावलं. मी दोरी काढून माप घ्यायला लागलो, तर तात्यासाहेब खाटेवरूनच गरजले, "मला लंगडा ठरवायला आलास का रे? चालता हो!" मी चालता झालो. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि म्हणालो, "साहेब, आपल्यासारख्यांच्या घरी टोपी-उपरण्याला धड खुंट्या नाहीत, हे बरं दिसत नाही." हे त्यांना पटलं. मग मी खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीत शिसवी खुंट्या बसवल्या, जाडजूड, वासराच्या शिंगासारख्या, भिंतीत खोल ठोकलेल्या. तात्यासाहेब मरेपर्यंत त्या खुंट्या धरून हिंडले. कुणी पाहिलं तर म्हणत, "घट्ट आहेत का, ते बघतोय." एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "खुंट्या झकास झाल्यात. पण लेका, टोपी माझ्याकडे एकच आहे." आणि डोळे मिचकावले.

त्या घरात मी एक गोष्ट शिकलो. घरातल्या माणसाचा हात कुठे जातो ते भिंत सांगते. रोज जिथे टेकू घेतला जातो, तिथे तेलकट, काळपट डाग पडतात. सुताराने पहिल्यांदा ते डाग बघावे आणि मग हत्याराला हात घालावा. हे मला आपणच शोधून काढलेलं शास्त्र वाटायचं, आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती.

तात्यासाहेबांकडे तूप घालायला नामा यायचा. उमरठच्या वरच्या डोंगरात एक वाडी आहे, तिथला हा म्हसरं राखणारा गडी. त्याने खुंट्या पाहिल्या आणि वाडीत जाऊन त्यांच्याबद्दल सांगितलं. शिमगा महिन्यावर आला असताना एके सकाळी तो तुपाचा डबा घेऊन थेट माझ्या दुकानात आला.

"सुतारदादा, आमच्या वाडीतल्या भागायचा निरोप हाय."

"काय म्हणते?"

"म्हनते, घर हाय तसं ठेव, नि मला उभी ठेव."

असं गिऱ्हाईक माझ्याकडे आजवर आलं नव्हतं. मी हत्यारं बांधली.

पोलादपूरपर्यंत मोटार मिळाली, पुढे पाय. चढता चढता नामाने सगळी हकीगत सांगितली. भागाय म्हणजे भागीरथी. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा धोंडू मुंबईला गिरणीत. ही एकटी, एक म्हैस आणि थोडी नाचणी. गेल्या पावसाळ्यात उंबऱ्याला पाय अडकून पडली. डाव्या खुब्याला मार बसला, उठता येईना. शेजारची तानी चुलीसाठी विस्तव मागायला आली तेव्हा ती सापडली. पाय वाचला, पण उचलेनासा झाला, ओढावा लागे. दिवाळीला धोंडू आला आणि म्हणाला, आता मुंबईला चल. ती म्हणाली, नाही. दोघं दिवाळीभर भांडली. शेवटी धोंडूने एक अट घातली.

आमच्याकडे शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर फिरते. ज्याच्या अंगणात येते, त्या घरच्या माणसाने घरातून पाणी आणून पालखीच्या भोयांच्या पायांवर घालायचं, नारळ द्यायचा. ज्या घराचं दार बंद, त्या घरावरून पालखी पुढे जाते. धोंडूने सांगितलं होतं, "आये, शिमग्याला तू आपल्या पायानं अंगनात आलीस नि भोयांच्या पायावं पानी घातलंस, तर ऱ्हा हितं. नायतर म्हस इकायची, दार लावायचं, नि चलायचं."

वाडीत पोचलो तेव्हा भागाय पडवीत बसली होती. वाळलेली, काळीसावळी, पण पाठ ओळंबा लावून घ्यावी इतकी सरळ. जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेल्या बायकांची पाठ अशीच राहते.

"ये रे सुतारा, बस," ती म्हणाली. "पयलं सांगून ठेवते. उंबऱ्याला करवत लावायची नाय."

मी उंबरा पाहिला. चांगला वीतभर उंच, मधे पाय पडून पडून झिजलेला. माझ्या मनात तोच कापायचा होता.

"भागाय, पडलीस ती याच उंबऱ्यावर ना?"

"पडले मी. उंबरा नाय पडला."

"अगं, पण..."

"पन नि बिन नाय. ह्याच्यावरचं माप लवंडून मी ह्या घरात आले. धोंडूचा बा गेला तो ह्याच्यावरनं गेला. आनि पावसात डोंगराचं पानी आडवतो तो हाच. तू महाडचा, तुला काय ठावं?"

दुसऱ्या कुणी मला असं सुनावलं असतं तर मी हत्यारं उचलून चालू लागलो असतो. पण ही म्हातारी हटून बसली होती ती आपल्या पायावर उभं राहण्यासाठी, आणि अशा हट्टाला मी विरघळतो. म्हटलं, बरं, उंबरा न कापता दाखवतो.

उंबरा खाली येणार नसेल तर जमीन वर आणायची. आत आणि बाहेर, दोन्हीकडे माती टाकून, चोपण्याने चोपून उतरता चढ केला. बाहेरच्या चढाला बाजूने चर ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. उंबरा तसाच राहिला, फक्त वीतभराचा चार बोटं झाला. खाटेच्या पायांखाली ऐनाच्या लाकडाचे ठोकळे घातले. मग भिंतीवर हाताचे डाग शोधायला लागलो, तर एक डाग नाही. सगळ्या भिंती ताज्या लाल मातीने सारवलेल्या. मी समजलो, बाई भिंतीला हात लावतच नाही, आता सवय लावावी लागेल. खाटेपासून दारापर्यंत आणि पडवीतून गोठ्याच्या तोंडापर्यंत कमरेच्या उंचीचा सुबक कठडा भिंतीला ठोकला. रंधा मारला, कडा गोल केल्या, तेल पाजलं. स्वतःवर खूश होऊन महाडला परत आलो.

शिमग्याला थोडे दिवस उरले असताना, काम कसं बसलंय ते बघायला पुन्हा चढून गेलो. कठड्यावर वाकळ वाळत होती. तिच्या पलीकडे लुगडं. गोठ्याच्या बाजूला मिरच्यांची माळ.

"ग्वाड झालीया दांडी," भागाय म्हणाली. "कापडं बेगीन सुकत्यात."

माझं डोकं फिरलं. "कपडे वाळवायला मी डोंगर चढलो काय? धरून चालत का नाहीस?"

"धरते की."

"चालून दाखव."

ती उठली. कठडा तिच्या उजव्या हाताशी होता आणि तो उजवा हात कठड्याकडे गेलाच नाही. तो वर गेला, कानाच्या वर, मोकळ्या हवेत, आणि तिथे धरायला काही नव्हतं म्हणून ती झुकली. मी धावून धरली नसती तर त्याच दिवशी मुंबईचं गाठोडं बांधावं लागलं असतं.

"हात वर का नेतेस असा?"

"कुठं? मी नाय नेत."

तिचं तिला माहीत नव्हतं. कळत्या वयापासून डोक्यावर हंडा आणि हंड्याला हात. तोल जायला लागला की हात हंडा सावरायला जायचा. हंडा सुटला, हात मात्र वरच राहिला. मी मान वर केली. पडवीची तुळई भागायच्या हाताला लागेल अशी, अगदी खाली. धुराने काळी झालेली, पण मधे मधे काचेसारखी चमकत होती. दाराच्या चौकटीची वरची पट्टीही तशीच. तिथे तिथे वर्षानुवर्षं तिचा हात टेकला होता. भिंतींचं काय, तर मी येणार म्हणून तिने तानीकडून सारवून घेतल्या होत्या.

"कारागीर घरात यायचा, नि भिताडं काळी ठेवायची?" ती म्हणाली.

म्हणजे मी भिंत वाचायला आलो, आणि माझ्याच मानासाठी भिंत पुसली गेली. पण वर बघायला मला कुणी बंदी केली नव्हती. सुतार असून मी तुळईकडे पाहिलं नाही, याचा मला त्या दिवशी फार संताप आला. कठडा उपटायला वेळ नव्हता, तो मिरच्यांना सोडून दिला.

आता डोक्याच्या उंचीवर बांबू टांगायचा होता. बांबू डोंगरात हवा तेवढा, पण तो अमावास्येच्या अंधारात तोडलेला लागतो, नाहीतर किडतो. शिमगा म्हणजे पुनव, चांदणं दिवसेंदिवस वाढत होतं. अडचण ऐकून नामाने आपल्या गोठ्यासाठी जपून ठेवलेले वाळके बांबू आणून टाकले. "म्हशी थांबतील, पालखी नाय थांबायची," म्हणाला. खाटेपासून दाराच्या चौकटीपर्यंत एक आणि चौकटीपासून पडवीच्या टोकापर्यंत दुसरा, असे दोन बांबू तुळयांना घट्ट बांधले. मधे चौकटीची पट्टी होतीच. मी स्वतः लोंबकळून पाहिलं. मग भागायला उठवलं. तिचा हात वर गेला आणि या वेळी तिथे बांबू होता. ती चार पावलं चालली, थांबली आणि वर बघून म्हणाली, "हां. आता झालं घर."

सणाला धोंडू आला. बोटीने, पुढे पायी, डोक्यावर नवीकोरी पत्र्याची ट्रंक. आईची लुगडी भरायला आणली होती. आल्या आल्या त्याने बांबूला हिसडे मारले.

"मिस्तरी, ग्यारंटी हाय काय?"

"बांबूची माझी. आईची तुझी तू बघ."

तो चिडेल असं वाटलं होतं. पण तो मटकन खाली बसला. "तुमाला मस्करी सुचते. आय हितं पडली तवा मी तिकडं गिरनीत साच्यावं उभा व्हतो. तानीला इस्तू लागला नसता तर? मला तिकडं घास गिळत नाय, मिस्तरी. ती चालंल वो. पन पडली तर कळंल कुनाला?"

मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. आणि त्याचं खरं होतं. मी उभं राहण्याची सोय केली होती, पडण्याची केलीच नव्हती. मी गोठ्यात गेलो, म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा सोडली आणि पडवीतल्या बांबूला बांधली. बांबूला हात लागला की खडखड व्हायची. तानीचं घर हाकेवर. तिला सांगितलं, सकाळी भागाय म्हशीकडे जाते तेव्हा ही वाजेल. नाही वाजली, तर हातातलं काम टाकून यायचं.

"मी काय म्हस हाय?" भागाय करवादली.

"म्हशीपरास आडमुठी हायस," धोंडू म्हणाला. पण ट्रंक त्याने दाराशीच ठेवली होती.

पालखी दुपारी आली. ढोल वाजत होते, सगळी वाडी अंगणात. पुढच्या दांड्याला नामा. धोंडू अंगणात हाताची घडी घालून उभा. "धोंडू, घाल की पानी," कुणीतरी म्हणालं. तो हलला नाही. मी पडवीच्या कडेला उभा होतो.

भागाय आतून निघाली. डाव्या कमरेवर कळशी, उजवा हात वर. ढोल आपोआप थांबले. घंटा अजून वाजत नव्हती, कारण भागाय अजून उंबऱ्याच्या आत होती. चौकटीची पट्टी धरून तिने उजवा पाय पलीकडे टाकला. डावा ओढला आणि तो उंबऱ्याला अडकला. कळशीतलं पाणी हिंदकळलं. धोंडू झेपावला, तसा मी त्याचा दंड धरला.

"सोडा!"

"थांब," मी म्हणालो. "तिला करू दे."

तिने चौकट सोडून बाहेरचा बांबू पकडला. घंटा खडखडली. सगळा भार तिने हातावर घेतला आणि पाय उंबऱ्यावरून अलगद इकडे आला. मग पडवीभर ती आणि घंटा, दोघी चालत आल्या. बांबू संपला तिथे ती थांबली.

आणि तेव्हा मला माझी चूक दिसली. बांबू पडवीच्या टोकाला संपत होता. पालखी उभी होती अंगणात. मधली जागा उघडी, वर फक्त आभाळ. मी घराचं काम केलं होतं आणि अंगण विसरलो होतो.

भागायचा हात बांबूच्या शेवटाला चिकटून राहिला. नामाने मागच्या भोयांना मानेने खुणावलं आणि पालखी पुढे घेतली, थेट पडवीला भिडेपर्यंत. पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावर होता, भागायच्या कानाच्या उंचीला. तिने बांबू सोडला आणि दांडा धरला. खाली अंगणात उतरली आणि कळशी तिरपी करून नामाच्या पायांवर पाणी घातलं.

माझे डोळे भरून आले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, पालखी पुढच्या घरी गेली. धोंडू म्हणाला, "आये, ही फसवनूक हाय. तू आपली गेलीस कुठं? देव पुढं आला."

"मंग?" ती म्हणाली. "देव आला म्हातारीसाठी चार पावलं पुढं, नि तुला त्याची लाज? जा, ती ट्रंक आन हितं."

त्याने आणली. तिने खाटेवर बसून ती भरायला घेतली, नातवंडांसाठी नाचणीचं पीठ, आमसुलं, कुळीथ, वर कठड्यावरच्या मिरच्या. धोंडू समोर बसून एकेक पुडकं हातात देत होता. "रिकामी न्हेऊ नको," ती म्हणाली, "जड झाली तर बोटीवं कुनाचा तरी हात लावून घे." धोंडू हसला आणि तोंड फिरवून त्याने पुढचं पुडकं दिलं. परत जाताना त्याने मला अंगणाचंही काम करायला सांगितलं. मी खांब पुरून बांबू पुढे म्हशीच्या पाणवठ्यापर्यंत नेला.

त्यानंतर त्या डोंगरातून मला पुष्कळ बोलावणी आली. कुठे हात वर जायचा, कुठे आडवा, कुठे काठीच्या उंचीला. प्रत्येक घरात मी आधी बसून राहायचो आणि माणसाला चालताना बघायचो. भिंतीला विचारायचो, पण वरही बघायचो. काही ठिकाणी उशिरा पोचलो, याची खंत आहे. "आता वय झालं" म्हणणारे माझ्या आधी पोचलेले असत.

भागाय वारली ती आपल्याच घरी, आपल्याच खाटेवर. एका सकाळी घंटा वाजली नाही, तानी धावत गेली, तर झोपेतच सगळं संपलं होतं. नामा तूप घेऊन आला तेव्हा त्याने सांगितलं.

पुढे धोंडू गिरणी सोडून कायमचा वाडीला आला. त्याचेही गुडघे गेले होते. त्याने मला बोलावलं, म्हणून मी बांबूंची नवी दोरी घेऊन चढलो. पाहतो तर बांबू जागच्या जागी, आणि धोंडू त्यांच्याखालून चालत होता तो भिंतीकडचा माझा जुना कठडा धरून. जन्मभर साच्यावर कमरेच्या उंचीला काम केलेला त्याचा हात, तो वर जातच नव्हता. वाकळी, मिरच्या काढून टाकल्या होत्या आणि माझी ती फसलेली कारागिरी त्याला बेतल्यासारखी बसली होती.

"मग बांबू उतरवून ठेवू?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. सकाळी घंटा हालवायला लागते. तानी वाट बघते."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"खाट परत खचलीया, मोरीचा दगड गुळगुळीत झालाय, तेवढं बघा." मग त्याने हात वर केला, अगदी आईसारखा, पण मला अडवायला. "आनि मिस्तरी, पयलं सांगून ठेवतो. उंबऱ्याला करवत लावायची नाय."

मी करवत पिशवीतून काढलीच नव्हती.